दचका रस्त्याचा की गाडीचा?

रस्ता चांगला की वाईट, हे पूर्वी ठरवायचे ते अनुभवी डोळा आणि गाडीत बसणाऱ्याची पाठ. त्या मताला आकड्याचे रूप देण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात लष्कराचे चालक खास बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक फिरवत राहिले. अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या याच ‘आशो’ चाचणीच्या निमित्ताने काही परीक्षकांनी रस्त्यांना ० ते ५ गुण दिले. अभियंत्यांनी ते गुण भेगा, ठिगळे, चाकोऱ्या आणि उंचसखलपणा यांच्या मोजमापांशी ताडून पाहिले. भेगा डोळ्यांत भरतात, पण गुण सर्वांत जास्त अवलंबून होते ते उंचसखलपणावर. म्हणून तोच मोजणे महत्त्वाचे ठरले.

भारतात या कामाची पायाभरणी फार आधी झाली होती. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीने १९२८ मध्ये रस्ते विकासाचा अहवाल दिला, त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था उभी राहिली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ मध्ये सुरू झाली. तिचा ‘बंप इंटिग्रेटर’ आजही वापरात आहे. एकचाकी गाडा जीपमागे जोडून ताशी ३२ किलोमीटर वेगाने ओढायचा. चाक जितके उसळेल त्याची बेरीज होते आणि दर किलोमीटरला इतके मिलिमीटर असा आकडा मिळतो.

पण टायरमधली हवा बदलली, स्प्रिंग सैल पडली की तोच रस्ता वेगळा आकडा देतो. म्हणजे यंत्र रस्त्याबरोबर स्वतःलाही मोजत असते. रस्त्यांना कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला तर देशादेशांचे आकडे शेजारी ठेवून पाहायचे होते. म्हणून १९८२ मध्ये ब्राझिलिया शहराच्या परिसरात ४९ तुकड्यांवर निरनिराळ्या देशांची उपकरणे एकत्र चालवली गेली. त्यातून ‘आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक’ निघाला. रस्त्याची खरी उंच-सखल रेषा आधी मोजायची आणि तिच्यावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने एक काल्पनिक चाक गणिताने धाववायचे, ही त्यातली युक्ती. हे चाक, त्याची स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर कागदावरच असल्याने कधी झिजत नाहीत. या विषयाच्या इतिहासातली मला हीच सर्वांत सुंदर कल्पना वाटते. राष्ट्रीय महामार्गांवर फिरणारी लेझर आणि कॅमेरे लावलेली सर्वेक्षण वाहने आज याच वाटेने जातात.

ही वाहने महाग आणि मोजकी. त्यामुळे २००८ मध्ये संशोधक पुन्हा साध्या गाड्यांकडे वळले. एमआयटीच्या गटाने बोस्टन भागातील ७ टॅक्सींना त्वरणमापक (झटके टिपणारे उपकरण) आणि जीपीएस बसवून खड्डे शोधले. रेल्वेचे रूळ आणि पुलांचे सांधेही तसाच दचका देतात, ते वेगळे काढण्यात बरेच कष्ट गेले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या ‘नेरिसेल’ प्रकल्पाने बंगळुरूत फक्त मोबाइल वापरला. खिशात आडवातिडवा पडलेल्या फोनची दिशा गुरुत्वाकर्षण आणि ब्रेकच्या झटक्यांवरून ओळखायची, आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर खड्डा ओळखण्याची कसोटीच बदलायची, हे तिथल्या वाहतुकीतून सुचलेले उपाय होते.

बोस्टन महापालिकेने २०१२ मध्ये ‘स्ट्रीट बंप’ हे अ‍ॅप नागरिकांच्या हाती दिले. त्यातले बरेच दचके खड्ड्यांचे नव्हतेच, रस्त्यात खचलेल्या चेंबरच्या झाकणांचे निघाले. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. ज्या वस्त्यांत स्मार्टफोन आणि मोटारी कमी, तिथून नोंदीही कमी. तिथले रस्ते कितीही खराब असले तरी नकाशावर ते गुळगुळीतच दिसणार.

आता मोटारी स्वतःच चाकांच्या सेन्सरमधून माहिती पाठवतात. स्वीडन आणि नॉर्वेत व्होल्वोने निसरड्या रस्त्यांसाठी २०१५ च्या सुमारास हा प्रयोग केला. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ प्रकल्पात शहर बसना टक्कर-इशारा यंत्रणा लावून धोक्याच्या जागा शोधल्या गेल्या. तिथे विषय अपघातांचा होता, पण निवडलेले वाहन मला योग्य वाटते. बसचा मार्ग ठरलेला असतो आणि तीच गाडी त्याच रस्त्यावरून रोज गेली, तर आज वाढलेला दचका रस्त्याचा की गाडीचा, हे कालच्या नोंदीवरून आणि त्याच मार्गावरच्या दुसऱ्या बसवरून तपासता येते. शिवाय एसटी अशा गावांतही जाते, जिथे सर्वेक्षण वाहन क्वचितच पोहोचते.