विद्यार्थी अनुदिनी

विद्यार्थी अनुदिनी : भाषेच्या वर्गातील विद्यार्थ्याने शिकत असलेल्या भाषेत वेळोवेळी लिहिलेले, तारीखवार लागलेले आणि शिक्षकाखेरीज इतरांनाही वाचता येणारे आंतरजालावरील लेखन (ब्लॉग). वाचकाचा प्रतिसाद हा या लेखनाचाच भाग होय. वहीतला निबंध टंकून जालावर चढवला आणि त्याला गुण देऊन विषय संपला, तर त्यास अनुदिनी म्हणू नये, असे प्रस्तुत नोंदीत गृहीत धरले आहे.

संज्ञा : ‘वेबलॉग’ हा इंग्रजी शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तो गमतीने ‘वी ब्लॉग’ असा फोडला आणि त्यातून ‘ब्लॉग’ हे रूप पुढे आले. मराठीत ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन प्रतिशब्द आढळतात. ‘अनुदिन’ म्हणजे दररोज. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांतील ‘अनुदिनि अनुतापें’मुळे हा शब्द मराठी कानांना ओळखीचा आहे. मात्र तेथे तो क्रियाविशेषण आहे, तर अनुदिनी हे नाम अलीकडच्या गरजेतून रूढ झाले. ‘जालनिशी’ हा ‘रोजनिशी’च्या धर्तीवर घडवलेला शब्द. त्यातील ‘निशी’चा रात्रीशी संबंध नाही. लिहिणारा या अर्थाच्या ‘नवीस’ या फार्सी शब्दाशी तिचे नाते आहे, आणि चिटणीस, फडणीस, पारसनीस ही नावेही त्याच कुळातली आहेत. पेशवे दप्तरातील रोजनिशी म्हणजे हुकूम, नेमणुका आणि खर्चाची कारकुनी नोंद. तीत लिहिणाऱ्याच्या मनातले यावे, अशी अपेक्षाच नसे. वर्गात रोज लिहिणे क्वचितच घडते. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘जालनिशी’ अधिक नेमका ठरतो. ‘अनुदिनी’ अधिक रुळल्यामुळे येथे तोच स्वीकारला आहे. प्रत्यक्ष वर्गात मुले ‘ब्लॉग’ असेच म्हणतात.

पूर्वपीठिका : या प्रथेचा उगम आंतरजालाच्या आधी शोधावा लागतो. बहुतेक अभ्यासक तो फ्रेंच शिक्षक सेलेस्तां फ्रेने (१८९६–१९६६) यांच्यापर्यंत नेतात. दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत त्यांनी सु. १९२४ मध्ये लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या मनाने लिहिलेला मजकूर वर्गात वाचला जाई, निवडला जाई, सगळे मिळून तो सुधारत आणि मुलेच खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवून छापत. गोगलगायींच्या शर्यतीवरचा मजकूर या संदर्भात नेहमी सांगितला जातो. खिळा उलटा असतो आणि ओळ एकेक अक्षराने भरावी लागते. त्यामुळे शब्दातले प्रत्येक अक्षर मुलाच्या बोटांखालून जाई. १९२६ च्या सुमारास ब्रिटनी प्रांतातील त्रेगंक येथील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी छापील मजकुराची नियमित देवाणघेवाण सुरू झाली. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठची मुले वाचू लागली.

शाळेत मुद्रणयंत्र आणण्याचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. फ्रेंच शिक्षणतज्ज्ञ पॉल रोबँ यांच्या संप्वी येथील अनाथालयात (१८८०–९४) छपाईचे काम शिकवले जाई, आणि ब्रुसेल्समध्ये ओव्हिद दक्रोली यांच्या शाळेतही मुले आपले पत्र छापत. यंत्राचा इतिहास पाहता रोबँ यांचा मान पहिला ठरतो. पण तेथे छपाई हा मुख्यतः हाताला मिळणारा धंदा होता. मुलाचा स्वतःचा मजकूर आणि दूरचा खरा वाचक यांची सांगड अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणली ती फ्रेने यांनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्याने त्यांना फार वेळ बोलता येत नसे, म्हणून ही पद्धती निघाली, ही प्रचलित उपपत्ती एकमेव कारण म्हणून पुरेशी नाही.

दुसरा धागा संवाद-वहीचा. लॉस एंजेलिसमधील सहावीच्या शिक्षिका लेस्ली रीड आपल्या विद्यार्थ्यांशी वहीतून रोज लेखी संवाद करीत. सु. १९८० पासून जेना स्टेटन, जॉय क्रीफ्ट पेटन आदींनी या वह्यांचा अभ्यास केला. रीड चुकांवर खुणा करीत नसत, मजकुराला उत्तर देत. मराठी शाळांतील हस्तलिखित हा आपल्याकडचा समांतर प्रकार होय. मात्र त्यात वळणदार अक्षर आणि सजावट यांना मोठे स्थान असते, आणि वाचकाचे उत्तर येण्याची सोय सहसा नसते.

प्रकार : ॲरन कॅम्बेल यांनी २००३ मध्ये इंग्रजी शिकवण्याच्या संदर्भात शिक्षकाची, वर्गाची व विद्यार्थ्याची असे तीन भेद केले. ते अद्याप वापरात आहेत.

चुकांची दुरुस्ती : या विषयातील सर्वांत मोठा मतभेद येथे आहे. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून दिल्याने दुसऱ्या भाषेतील लेखन सुधारत नाही, उलट अपाय होतो, म्हणून ही प्रथा सोडावी, असे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये हा निष्कर्ष घाईचा ठरवला आणि निवडक, स्पष्ट दुरुस्तीची बाजू घेतली. हा वाद प्रामुख्याने इंग्रजीविषयी असल्याने मराठीला तो जपूनच लावावा. तरी सर्वांना दिसणाऱ्या पानावर लाल शाई चालवू नये, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. चार लोकांत उघडी पडलेली चूक मुलाला गप्प करते.

दुरुस्ती उत्तरातच मुरवता येते. उदाहरणार्थ, मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारी मुलगी लिहिते, ‘काल माझी आजोबा आला.’ शिक्षिका खाली लिहितात, ‘तुझे आजोबा आले? अरे वा! किती दिवस राहणार आहेत?’ पुढच्या नोंदीत ‘माझे आजोबा चार दिवस राहणार आहेत’ असे आले, तर आदरार्थी बहुवचन नियम न सांगता हाती लागले. एका उत्तराने हे घडेलच असे नाही. अशी उत्तरे वर्षभर द्यावी लागतात, आणि तीस-चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाचा वेळ हीच खरी अडचण ठरते.

देवनागरी टंकन : रोमन अक्षरांतून टंकताना सूचनापट्टी तयार शब्द पुढे करते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मुलाने ठरवलेले नसते, निवडलेले असते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार सामान्यतः दीर्घ असतो, हे त्याला माहीत आहे की नाही, ते अनुदिनीवरून कळत नाही. ‘ऱ’चा प्रश्न याहून नाजूक आहे. सह्याद्रीच्या दऱ्या आणि उसळलेला दर्या यांत अर्थभेद केवळ त्या एका अक्षराचा. ज्या कळफलकावर ‘ऱ’ सहज सापडत नाही, तेथे डोंगराच्या जागी समुद्र येतो. पहिला मसुदा वहीत लिहून घेणे, हा त्यावरचा साधा उपाय.

संमती व जतन : भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून, तिच्या विदेसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती अपेक्षित आहे. टोपणनाव वापरावे, छायाचित्र व शाळेचा पत्ता टाळावा. सेवा बंद पडण्याचा धोकाही असतो. ‘पोस्टरस’ ही अनुदिनी-सेवा ३० एप्रिल २०१३ रोजी बंद झाली, तेव्हा ज्यांनी प्रत उतरवून घेतली नव्हती त्यांचे तेथील लेखन गेले. म्हणून वर्षअखेरीस निवडक नोंदींची छापील प्रत काढून, हस्तलिखितांप्रमाणे शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.