कनात (भूमिगत जलवाहिनी)

डोंगरपायथ्याशी खोलवर असलेले भूजल, उपसा न करता, केवळ जमिनीच्या उताराच्या आधारे दूरच्या सपाटीवर आणणारा बोगदा. अरबी ‘कनात’ या शब्दाचे मूळ सामान्यतः अक्कादी ‘कनू’ (बोरू, वेत) या शब्दात मानतात. अफगाणिस्तान व बलुचिस्तानात तिला ‘कारेझ’, ओमानमध्ये ‘फलज’, अल्जीरियात ‘फोगारा’, तर मोरोक्कोत ‘खेत्तारा’ म्हणतात. तंबूच्या कापडी आडोशासाठी मराठीत रूढ असलेल्या ‘कनात’ शब्दाशी तिची गल्लत करू नये.

कनातीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा सारगॉन याने इ. स. पू. 714 मध्ये उरार्तूवर (आर्मेनियाच्या पठारावरील प्राचीन राज्यावर) केलेल्या स्वारीच्या वृत्तांतात उल्हू या नगराच्या पाणीपुरवठ्याची प्रशंसा आढळते, आणि तोच कनातीचा सर्वांत जुना उल्लेख होय असे दीर्घकाळ गृहीत धरले जात असे. फ्रेंच संशोधक आंरी गोब्लो याने 1979 मध्ये याला जोड देऊन, खाणींत साचणारे पाणी बाहेर काढण्याच्या चरांतून हे तंत्र उत्तर-पश्चिम इराणच्या परिसरात विकसित झाले, असे प्रतिपादन केले. तथापि सारगॉनच्या मूळ वृत्तांतलेखाचा संबंधित भाग खंडित असून त्यात पाटाचा निर्देश असला तरी तो पाट भूमिगत होता हे अनुमानच ठरते. दुसरीकडे, संयुक्त अरब अमिरातीतील अल्-ऐनच्या परिसरात सापडलेल्या फलजांचा काळ सु. इ. स. पू. 1000 पर्यंत मागे नेण्यात येतो. मात्र ते उथळ थरातील पाणी गोळा करणारे चर असून खोल जलधरापर्यंत (पाणी धरून ठेवणाऱ्या भूस्तरापर्यंत) पोचणाऱ्या कनातीहून भिन्न होत, हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. ईजिप्तच्या खार्गा मरूद्यानातील ऐन मनावीर येथील कनाती, तेथील लेखांकित खापरांमुळे, इ. स. पू. पाचव्या शतकातील म्हणून बऱ्याच निश्चितपणे सांगता येतात. उपलब्ध पुरावा पाहता एकाच उगमस्थानाचा आग्रह न धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ओसाड जमिनीवर पाणी आणणाऱ्यास तिचा उपभोग पाच पिढ्यांपर्यंत देण्याची इराणी प्रथा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने नोंदविली आहे.

खोदाईचे काम करणाऱ्यास ‘मुकन्नी’ म्हणतात. प्रथम पायथ्याशी ‘मादर चाह’ म्हणजे मातृविहीर खणून पाणी लागल्याची खात्री करतात, मग बोगदा पाणी बाहेर पडण्याच्या मुखाकडून उलट तिच्या दिशेने कोरीत नेतात. माती वर काढण्यासाठी व हवेसाठी ठराविक अंतरावर उभ्या विहिरी घेतात. बोगद्यात मागे ठेवलेले दोन दिवे एका रेषेत दिसत राहिले की दिशा सरळ असल्याचे कळते, आणि ज्योत मंदावली की हवा दूषित झाल्याचे मुकन्नी ओळखतो. ढिसूळ जमिनीत भाजक्या मातीची लंबवर्तुळाकार कडी बसवितात. उतार फार ठेवला तर पाणी तळ खरवडते, म्हणून लांब कनातींत तो हजारास एक किंवा त्याहूनही कमी राखतात. समतलमापनाच्या साधनांचे तपशीलवार वर्णन इराणी गणितज्ञ अल्-करजी याने सु. 1017 मध्ये भूजलावरील ग्रंथात केले आहे. इराणमधील गोनाबाद येथील कसबे कनात सु. 33 किमी. लांब असून तिची मातृविहीर 300 मी. हून खोल मानतात.

पाणीवाटपाचे नियम नवव्या शतकात खोरासानचा ताहिरी शासक अब्दुल्ला इब्न ताहिर याच्या काळी ग्रंथबद्ध झाल्याचे इतिहासकार गर्दीझी सांगतो. पाळी मोजण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी मोठ्या पात्रातील पाण्यावर तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली की एक माप पुरे होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल कूपनलिकांमुळे भूजलपातळी खालावून असंख्य कनाती कोरड्या पडल्या. युनेस्कोने ओमानचे पाच फलज 2006 मध्ये, तर इराणमधील अकरा कनाती 2016 मध्ये जागतिक वारशात समाविष्ट केल्या.

भारतात बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा (सु. 1615) हे तंत्र सातपुड्याच्या पायथ्याशी वापरल्याचे उदाहरण आहे. मलिक अंबरने खडकी (नंतरचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेली नहर याच परंपरेत गणली जाते. मात्र शहरात खापरी नळ व जलमनोरे यांच्याद्वारे पाणी चढवून खेळविले जात असल्याने, तिला शुद्ध कनात म्हणण्याऐवजी कनातीवर आधारलेली नगरजलव्यवस्था म्हणणे योग्य ठरेल.