धातु-आधारी संमिश्रे : गुणधर्म आणि यंत्रण

धातूच्या सलग आधारद्रव्यात सिरॅमिकचे कण, तोकडे तंतू किंवा अखंड तंतू बसवून तयार केलेली सामग्री. आधारद्रव्य बहुधा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू असतो. मॅग्नेशियम, टायटॅनियम व तांबे यांचा वापर त्यामानाने कमी. प्रबलकांत (बळकटी देणाऱ्या घटकांत) सिलिकॉन कार्बाइड व अॅल्युमिना मुख्य असून बोरॉन कार्बाइड, ग्रॅफाइट आणि औष्णिक वीजकेंद्रांतील राखही वापरतात. खानदेशात मुबलक मिळणारा केळीच्या खोडाचा धागा प्लास्टिकच्या संमिश्रांत चालतो. अॅल्युमिनियम मात्र सुमारे ६६०° से.ला वितळते आणि त्या तापमानाला धागा टिकत नाही, म्हणून ती संमिश्रे या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

या सामग्रीचा आरंभ कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. कोबाल्टने बांधलेल्या टंगस्टन कार्बाइडचे जर्मन एकस्व (पेटंट) १९२३ चे आहे. व्याख्या काटेकोर लावली तर तेही धातु-आधारी संमिश्रच ठरते, आणि काही लेखक इतिहास तेथूनच सुरू करतात. इतर काही जण १९५० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या, ऑक्साइडयुक्त अॅल्युमिनियम चूर्णापासून केलेल्या सामग्रीला अग्रमान देतात. तथापि तीत ऑक्साइडचे प्रमाण अल्प व कण अतिसूक्ष्म असल्याने तिला विकिरण-दृढित (सूक्ष्म कण विखरून बळकट केलेला) धातू म्हणणे अधिक योग्य वाटते. आजच्या अर्थाची संमिश्रे १९६० च्या दशकात बोरॉन तंतू उपलब्ध झाल्यावर आली, हे मत जास्त ग्राह्य दिसते. अमेरिकी अंतराळयान शटलच्या मधल्या सांगाड्यातील बोरॉन-अॅल्युमिनियम नळ्या हा त्यांचा प्रसिद्ध उपयोग. वितळलेला धातू ढवळत त्यात कण सोडण्याच्या स्वस्त पद्धतीचे श्रेय सामान्यतः आयआयटी कानपूर येथील एस. रे यांच्या १९६८ च्या सुमाराच्या कामाला देतात. प्रदीप रोहतगी व त्यांचे सहकारी अमेरिकेत निकेलचा मुलामा दिलेले ग्रॅफाइट अॅल्युमिनियममध्ये मिसळत होते, तेही जवळपास त्याच काळात. त्यामुळे एकाच नावावर शिक्कामोर्तब करणे कठीण आहे.

या ढवळ-ओतकामात खरी अडचण कण भिजण्याची असते : वितळलेले अॅल्युमिनियम सिरॅमिकच्या कणाला सहजी भिजवत नाही. त्यासाठी कण आधी तापवून घेतात व धातूत थोडे मॅग्नेशियम घालतात. तापमान फार चढल्यास सिलिकॉन कार्बाइडशी अभिक्रिया होऊन अॅल्युमिनियम कार्बाइड बनते. ते ठिसूळ असते व दमट हवेतही विघटते. म्हणून या कामाला भरपूर सिलिकॉन असलेले ओतीव मिश्रधातू निवडतात.

सिलिकॉन कार्बाइडचे प्रमाण आकारमानाने २०% असल्यास स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) ७० वरून साधारण १०० गिगापास्कलपर्यंत जातो, घनता मात्र किंचितच वाढते. झीज-प्रतिकार सुधारतो, तन्यता व चिवटपणा घटतो. प्रमाण ६०–७०% पर्यंत नेल्यास औष्णिक प्रसरण तांब्याच्या निम्म्याहून कमी होते. रेल्वे इंजिनांच्या विद्युत-नियंत्रणातील आयजीबीटी (मोठा विद्युतप्रवाह चालू-बंद करणारा अर्धवाहक स्विच) मॉड्यूलच्या तळपट्ट्या याच कारणाने अनेकदा या सामग्रीच्या असतात. भुसावळसारख्या विद्युत इंजिनांच्या केंद्रात ही सामग्री कोणाच्या नजरेत न येता वापरात असणे शक्य आहे.

यंत्रण, म्हणजे टूलने कापून आकार देणे, हा या सामग्रीचा फार खर्चिक भाग होय. जळगावच्या डाळ मिलमध्ये तुरीची साल काढणाऱ्या रोलरवर जी एमरी किंवा कार्बोरंडमची खर असते, तीच येथे जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) पोटात भरलेली असते; लेथवर टूल जॉबला कापते आणि जॉब टूलला घासतो. सिलिकॉन कार्बाइडची कठिनता सुमारे २,५०० व्हिकर्स, तर टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याची) साधारण १,५००. त्यामुळे हायस्पीड स्टीलचे टूल जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि कार्बाइडची पार्श्वबाजू लवकर झिजते. बहुस्फटिकी हिऱ्याची टूल महाग असली तरी मोठ्या संख्येच्या कामात स्वस्त पडतात. त्यांतही भरड दाण्याची जास्त टिकतात, असे बहुतेक प्रयोग दाखवतात. फीड (दर फेऱ्याला टूल पुढे सरकण्याचे अंतर) वाढवल्यास तेवढाच धातू काढताना टूलचे घर्षण कमी होते, म्हणून रफ कटला हलका फीड ठेवण्याची सवय येथे तोट्याची. कमी वेगावर टूलच्या धारेवर साचणारा धातूचा थर तिचे रक्षण करतो, असे काही अभ्यासक मानतात. पण त्याने फिनिश बिघडते. कूलंटबाबतही मते भिन्न आहेत. सुटलेले कण द्रवात मिसळून ते द्रवच घासणारे होते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. चिप्स तुटक येतात, ही एवढीच सोय.

छिद्रे पाडणे व आटे काढणे ही सर्वांत त्रासाची कामे. कापलेल्या पृष्ठभागावर उपटलेल्या कणांचे खळगे व त्याखाली तडकलेले कण आढळतात. विद्युत-ठिणगी यंत्रणात अवाहक कण आड येत असल्याने वेग घटतो आणि ठिणग्यांनी कापणारी तार तुटण्याचे प्रमाण वाढते. खर मिसळलेल्या पाण्याच्या झोताने उष्णतेची हानी टळते, पण जाड जॉबवर काप तिरपा येतो.

राखेची संमिश्रे खानदेशाच्या दृष्टीने स्वतंत्र नोंद घेण्याजोगी आहेत, कारण दीपनगर येथील वीजकेंद्रामुळे कच्चा माल जवळच आहे. राखेत प्रामुख्याने सिलिका व अॅल्युमिना असतात. सिलिका वितळलेल्या अॅल्युमिनियमशी व त्यातील मॅग्नेशियमशी अभिक्रिया करते, म्हणून मॅग्नेशियमचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. न जळलेला कोळसा व ओल घालवण्यासाठी राख आधी भाजतात. राखेतील पोकळ गोलक घनता कमी करतात. टूलखाली ते फुटून उघडे पडतात आणि सीलिंगच्या जागी असा पृष्ठभाग चालत नाही.