हुतात्मा चौक : कारंजे, मशाल आणि 105 चा आकडा

मुंबईचा कोट 1860 च्या दशकात पाडला गेला. त्यात चर्चगेट हा दरवाजाही गेला, नाव तेवढे रेल्वे स्टेशनाला उरले. त्या दरवाजाच्या जागी 1864 मध्ये फ्लोरा या रोमन देवतेचे पोर्टलँड दगडातले कारंजे उभे राहिले. मुळात ते राणीच्या बागेसाठी ठरले होते. पुढे भोवती दगडी इमारती आल्या, दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकानांपुढे सलग कमानी आल्या. पावसात आजही माणसे याच कमानींखालून कोरडी चालत जातात.

चौकाला खरा अर्थ मात्र 1955 ने दिला. राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य सुचवले आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारा मराठी मुलूख पेटला. 21 नोव्हेंबरला विधानसभेकडे निघालेला मोर्चा फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला, गोळीबार झाला. त्या दिवशीचे बळी 15.

इथेच घोळ होतो. ‘105 हुतात्मे’ ही घोषणा इतकी तोंडात बसली आहे की सगळे याच चौकात पडले असे अनेकांना वाटते. मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा जानेवारी 1956 मध्ये झाली आणि शहरात ठिकठिकाणी गोळ्या चालल्या. बहुतेक माणसे तेव्हा गेली. यादीत बेळगाव-निपाणीचीही नावे आहेत, आणि तो भाग आजही महाराष्ट्रात नाही. आकडाही कधी 105, कधी 106, कधी 107 सांगितला जातो. म्हणून हा चौक सगळ्या लढ्याचा आहे, एका दिवसाचा नव्हे. हे शाळेतच शिकवायला हवे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर चौकाचे नाव बदलले आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक उभे राहिले. कारंजे हटवले नाही. परकी देवता कशाला, हा सूर तेव्हापासून अधूनमधून लागतो. पण दोन्ही शेजारी राहिली हेच योग्य झाले : गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हाही फ्लोरा तिथेच होती. जुने मुंबईकर अजून ‘फाउंटन’च म्हणतात. त्यात अनादर नसतो, तरी हुतात्मा चौक हे नाव जिभेवर यावे असे मनापासून वाटते.

अलीकडे कारंज्याची डागडुजी झाली. दगडावरचे रंगाचे थर उतरवले आणि खोदताना 1964 मध्ये बंद पडलेल्या ट्रामचे रूळ सापडले. 2019 च्या जानेवारीत कारंजे पुन्हा उडू लागले.