हरणाचा स्टेक म्हणजे बोकडाचं मटण नव्हे, कुकर बाजूला ठेवा

नोव्हेंबर आला की इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टात दरवर्षी हेच सुरू होतं. मिशिगनमध्ये १५ तारखेला हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन उघडतो, विस्कॉन्सिनात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी. मग ऑफिसातला कुणीतरी किंवा शेजारचे आजोबा शिकार करून येतात आणि प्रेमाने पांढऱ्या फ्रीझर पेपरात गुंडाळलेलं पुडकं आपल्या हातात ठेवतात, वर मार्करने 'बॅकस्ट्रॅप', म्हणजे पाठीचा पट्टा, असं लिहिलेलं. आपली मंडळी ते घरी नेऊन थेट कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालतात आणि चार शिट्ट्या काढतात. मग ग्रुपवर फोटो, खाली निकाल: "काही खास नाही रे, चिवट असतं आणि वास मारतं." त्याच्याखाली बाकीच्यांचं ज्ञान सुरू, रात्रभर दह्यात ठेव, पपई लाव, दुधात भिजव, अजून दोन शिट्ट्या दे.

शिट्ट्या! अरे त्या शिट्ट्यांनीच तर वाट लावलीये.

मटणाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. बोकडाचं, हाडासकट, चरबीचा तुकडा असला तर उत्तम, नळी कुणाच्या ताटात जाणार यावरून वाद, हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवायचं आणि मऊ होईपर्यंत शिजवायचं. यात कुणाचं काही चुकत नाही. चुकतं ते एवढंच की हेच गणित हरणाच्या प्रत्येक तुकड्याला लावलं जातं.

किरकोळ फरक आधी उरकून घेतो. हरणाचं मांस जास्त गडद, जवळजवळ काळपट लाल असतं, त्यात मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंतलं लाल प्रोटीन, जास्त म्हणून. पुडक्यात जो लाल पाणीदार रस साठतो तो रक्त नाही, हेच मायोग्लोबिन मिसळलेलं पाणी आहे, तेव्हा सात वेळा धुवत बसू नका, कागदाने कोरडं करा आणि पुढे जा. बॅकस्ट्रॅप आणि टेंडरलॉइन यात इथले शिकारी लोकही घोळ घालतात: बॅकस्ट्रॅप म्हणजे कण्याच्या बाहेरच्या बाजूचे दोन लांब पट्टे, टेंडरलॉइन म्हणजे कण्याच्या आतल्या, पोटाकडच्या बाजूचे दोन छोटे तुकडे. दोन्ही एकाच पद्धतीने करायचे, त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. दुकानात मिळणारं व्हेनिसन, म्हणजे हरणाचं मांस, पाळीव हरणांचं असतं, बरंचसं न्यूझीलंडहून येणारं, कारण अमेरिकेत शिकार केलेल्या हरणाचं मांस विकताच येत नाही, फक्त देता येतं. पाळलेलं चवीला सौम्य, रानातलं जरा उग्र. शिजवण्याची रीत तीच.

आता खरा मुद्दा, आणि हा एकच नीट वाचलात तरी चालेल. मटण चिवट लागलं तर त्याचा अर्थ ते कमी शिजलंय. हरणाचा स्टेक चिवट लागला तर त्याचा अर्थ तो जास्त शिजलाय. लक्षण तेच, कारण बरोब्बर उलटं, म्हणून उपायही उलटा. आपल्या हाताला लहानपणापासून सवय लागलेली असते की दाबून बघायचं, दबलं नाही तर झाकण लावून परत गॅसवर, आणि ही सवय बॅकस्ट्रॅपवर वापरली की प्रत्येक मिनिटाला तो आणखी बिघडतो आणि आपल्याला वाटतं अजून कच्चाच आहे.

असं का होतं? मांसाच्या तुकड्यात दोन गोष्टी असतात, स्नायूंचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी कोलॅजेनची जाळी. बोकडाचा खांदा, मान, पाय हे दिवसभर राबणारे स्नायू, त्यांच्यात ही जाळी भरपूर. १६० फॅरेनहाइटच्या वर, म्हणजे साधारण ७० सेल्सियसच्या पुढे, आणि तेही बराच वेळ ठेवलं तर ती जाळी हळूहळू विरघळून तिचं जिलेटिन होतं. रस्सा गार झाल्यावर थलथलीत होतो आणि जेवताना ओठ चिकटतात ते याच्यामुळे. खरं तर तोपर्यंत धाग्यांतलं पाणी कधीच निघून गेलेलं असतं, पण जिलेटिन आणि चरबी त्यांना माखून ठेवतात म्हणून घास मऊ लागतो. आपण "मटण शिजलं" म्हणतो तेव्हा धागे शिजलेत असं नसतं, ते तर पहिल्या दहा मिनिटांतच शिजतात, जाळी सुटली एवढंच आपण तपासत असतो.

बॅकस्ट्रॅपमध्ये ही जाळी नावापुरती. चरबी जेमतेम दोन-तीन टक्के, आणि धाग्यांच्या आत तर जवळपास नाहीच. म्हणजे कितीही वेळ शिजवा, विरघळून मदतीला येईल असं आत काही नाही. धागे मात्र आपलं काम करत राहतात: १२० फॅरेनहाइटच्या आसपास आकसायला लागतात तोवर ठीक, उलट तेव्हाच खायला चांगले होतात, पण १५० ओलांडलं की धाग्यांतलं दुसरं एक प्रोटीन आकसतं आणि ओला पंचा पिळावा तसं सगळं पाणी बाहेर. कुकरच्या आत तापमान असतं २५० च्या घरात. चार शिट्ट्यांत काय होत असेल ते तुम्हीच बघा. खूपच रेटलं तर शेवटी धागे सुटतात, मग लोक म्हणतात झालं बघ मऊ, पण तो घास चावत बसावं लागतं आणि रस्सा पिऊन गिळावं लागतं.

आणि तो "वास"? त्यातला बराचसा वास हरणाचा नसतोच, जास्त शिजवण्याचा असतो. इतकं लोहयुक्त, बिनचरबीचं मांस वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजवलेलं, केलं की त्याला काळजासारखी, म्हणजे लिव्हरसारखी चव येते. उरलेला वास चरबीतून येतो, आणि इथे मटणवाल्यांचा दुसरा हट्ट आडवा येतो. मटणात चरबी म्हणजे बक्षीस, हरणात ती काढून टाकायची वस्तू. हरणाची चरबी मेणचट असते, लवकर गोठते, टाळूला थर बसतो. दिसेल तेवढी कापून फेका, जीव कळवळू देऊ नका. जनावर पडल्यावर आतडी वेळेत काढली नसतील किंवा ते नीट गार केलं नसेल तरी उग्रपणा येतो, पण तो देणाऱ्याच्या हातातला भाग, तुमच्या मसाल्याने तो जात नाही.

दह्याबद्दल एकदाच बोलतो. स्टेकला रात्रभर दही किंवा पपई लावलीत तर वरचा थर पिठूळ होतो, आत काहीही पोचत नाही, आणि ओल्या पृष्ठभागामुळे तव्यावर रंग धरत नाही. मऊ असलेल्या तुकड्याला मऊ करायला काय लावताय? बेकन गुंडाळणाऱ्यांनाही माझा तोच प्रश्न, बेकन कुरकुरीत होईपर्यंत आतलं हरीण संपलेलं असतं.

बरं, करायचं कसं. पुडकं फ्रीजमध्ये सावकाश वितळवा. बॅकस्ट्रॅपवर एका बाजूला मोत्यासारखा चकचकीत पापुद्रा असतो, इथे त्याला सिल्व्हरस्किन म्हणतात, तो तव्यावर अजिबात विरघळत नाही, उलट आखडतो आणि तुकड्याची वाटी करतो. पातळ सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवायचं, एक टोक बोटात घट्ट धरायचं, सुरीची धार किंचित वर, पापुद्र्याकडे ठेवून पुढे सरकवत न्यायची, अख्खी पट्टी निघते. थोडं मांस गेलं तर जाऊ द्या. नंतर तुकडे कापताना कंजूषपणा नको, कमीत कमी दीड-दोन इंच जाड. पातळ कापलेला स्टेक तुम्ही उलथनं शोधेपर्यंत होऊन जातो, ही पण मटणाचे तुकडे करण्याची सवय. मीठ तासभर आधी लावून फ्रीजमध्ये उघडं ठेवा, वरून कोरडं होऊ द्या.

बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, थोडं तेल, तुकडा ठेवला की चर्र आवाज यायलाच पाहिजे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन, तीन-तीन मिनिटं, शेवटी लोण्याचा गोळा आणि ठेचलेला लसूण. मिरची पूड, गरम मसाला आधी चोळू नका, जळून कडू होतो. थर्मामीटर घ्या, दहा-पंधरा डॉलरला येतो, बोटाने दाबून कळतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, विशेषतः हरणाच्या बाबतीत, कारण हे मांस मुळातच इतकं गडद की रंगावरून फसायला होतं. १२५ ला उतरवा, पाच-सात मिनिटं ताटात ठेवा, आपोआप १३० च्या पुढे जातं, म्हणजे ५४-५५ सेल्सियस. मग धाग्यांच्या आडवं कापा.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. अमेरिकन सरकारचा सल्ला शिकारीच्या मांसासाठी १६० फॅरेनहाइटचा आहे. १३० वर खाणं ही माझी स्वतःची निवड, घरात कुणी गरोदर असेल, लहान मुलं असतील, कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांच्या ताटात गुलाबी मांस वाढू नका, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीसारखी भानगड खरी आहे. पण मग त्यांच्यासाठी बॅकस्ट्रॅप १६० ला नेऊन वाया घालवण्यापेक्षा खांद्याचा रस्सा करा ना. ज्यांना गुलाबी मांस बघवतच नाही त्यांनाही हेच सांगतो.

कारण त्याच हरणाच्या खांदा, मान आणि पायाच्या नळीपाशी तुमचं मटणाचं ज्ञान शंभर टक्के लागू पडतं. पुडक्यावर शोल्डर, नेक, शँक किंवा स्ट्यू मीट लिहिलेलं असेल तर काढा कुकर, घाला वाटण, दही लावा, काय हवं ते करा. इथे जाळी आहे, तिला वेळ द्यायलाच हवा, आणि मोठ्या नराला बोकडापेक्षा जास्त. फक्त हरणाची चरबी काढलेली असल्याने तेल नेहमीपेक्षा जरा सढळ घाला, नाहीतर तर्री येत नाही. मला विचाराल तर शँकचा तांबडा रस्सा बोकडापेक्षा सरस होतो, कोल्हापूरकरांनी माफ करावं. मागच्या मांडीचे तुकडे मधले: काही स्नायू स्टेकसारखे होतात, काही नाहीत, शंका आली तर रस्सा.

खिमा वेगळी भानगड. हरणाचा खिमा फार कोरडा म्हणून इथले कसाई त्यात बऱ्याचदा डुकराची किंवा गाईची चरबी मिसळतात. समर सॉसेज आणि स्नॅक स्टिक्समध्ये तर डुक्कर असतंच असं धरून चाला. देणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, म्हणून तो आपणहून सांगणार नाही, तुम्ही विचारा. आणि खिमा पूर्ण १६० पर्यंत शिजवायचा, त्यात गुलाबी वगैरे लाड नाहीत.

अजून दोन गोष्टी देणाऱ्याला विचारायच्या. एक, क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची टेस्ट झालीये का. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला हा हरणांचा रोग, विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध नाही, पण पॉझिटिव्ह जनावर खाऊ नका असं सीडीसी, म्हणजे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सांगते आणि त्यातले प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रोटीनं, शिजवून मरत नाहीत, कुकरच्या शिट्टीनेही नाही. दोन, गोळी शिशाची होती का. जखमेच्या आसपासचं मांस हात राखून न ठेवता कापून टाकावं, शिशाचे बारीक कण लांबपर्यंत जातात.

बाकी रानचं मांस म्हटलं की सगळं एका पातेल्यात टाकू नका. रानबदकाची छाती हरणासारखीच लालसर ठेवतात. फेझंट हा रानपक्षी कोरडा पडतो, झाकून ओलसर शिजवा. रानडुक्कर आणि अस्वल मात्र कधीही गुलाबी नाही, त्यात ट्रायकिनेला नावाची कृमी असू शकते, आणि अस्वलातली एक जात तर फ्रीझरलाही दाद देत नाही.

आणि हो, हे वाचून गावाकडच्या फार्महाउसवर कुणी "आज रानातलं आहे" म्हणून ताट पुढे केलं तर उठून या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, चितळ, भेकर यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि ते मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. आजोबांच्या भेकराच्या गोष्टी ऐकायला छान, करून बघायला नाही.

स्टेकबरोबर काय, हे नेहमी विचारतात. युरोपात आंबट बेरींचा सॉस देतात, रेडकरंट वगैरे, आणि ते बरोबरच आहे, या मांसाला आंबट हवंच. माझ्याकडे कोकम असतं. स्टेक उतरवल्यावर त्याच तव्यात चमचाभर आगळ, लिंबाएवढा गूळ, थोडं पाणी, तळाला चिकटलेलं खरवडून घ्यायचं, दाट झालं की लोणी. आगळ खारट असतं, वेगळं मीठ घालू नका. आणि स्टेक उरला तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पुन्हा तीच लिव्हरची चव येणार. सकाळी गारच पातळ कापून ज्वारीच्या भाकरीवर ठेच्यासोबत खा.