सर्पिल दीर्घिकेचे हात पक्के नसतात

सर्पिल दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, ज्यात केंद्राभोवती वळलेले झगझगीत पट्टे, म्हणजे हात, दिसतात. हे हात म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या माळा, असं सर्रास सांगितलं जातं. तसं असतं तर आतले तारे आधी फेरी पुरी करून पुढे गेले असते आणि थोड्याच फेऱ्यांत हातांचा पार गुंता झाला असता. आपल्या सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एका फेरीला साधारण २३ कोटी वर्षं लागतात; म्हणजे त्याच्याच वीसेक फेऱ्या झाल्यात!

१९६४ मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी मांडलं, की हात ही घनतेची लाट आहे. वाहतूक कोंडीसारखी: गाड्या बदलतात, कोंडी टिकते. तिथे वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात. त्यातले भारी, निळे तारे हाताबाहेर पडण्याआधीच संपतात, म्हणून हात झगझगीत. मधली जागा रिकामी मुळीच नसते; तिथले तारे मंद, इतकंच. सगळीकडे हेच घडतं असंही नाही. काही हात शेजारच्या दीर्घिकेच्या ओढीनेही उठतात.