अपंगत्वमुक्त आयुर्मान

जन्मापासून किंवा एखाद्या वयापासून पुढे सरासरी किती वर्षे अपंगत्वाविना जगता येतील, हे सांगणारे लोकसंख्याशास्त्रीय माप. नुसत्या आयुर्मानात झाकून राहणारी विषमता त्यात उघडी पडते. इंग्लंडमधील आरोग्य-विषमतेवरील २०१० च्या मार्मट अहवालानुसार सर्वांत श्रीमंत व सर्वांत गरीब वस्त्यांच्या आयुर्मानात ७ वर्षांचे अंतर होते. अपंगत्वमुक्त आयुर्मानात ते १७ वर्षांवर गेले.

या मापाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील डॅनियल सलिव्हन यांच्या १९७१ मधील लेखाला देतात. मात्र मृत्यू आणि आजारपण एकत्र मोजण्याची कल्पना बार्केव्ह सँडर्स यांनी १९६४ मध्येच मांडली होती आणि अशा निर्देशांकातील तात्त्विक अडचणींचा ऊहापोह खुद्द सलिव्हन यांनी १९६६ मध्ये केला होता. तेव्हा कल्पना सँडर्स यांची व हाताळता येण्याजोगी रीत सलिव्हन यांची, असे मानणे अधिक रास्त ठरेल.

रीत अशी : जीवनसारणीतून (वयानुसार मृत्युदरांवरून किती जण कोणत्या वयापर्यंत जगतात, हे दाखवणारा तक्ता) प्रत्येक वयोगटात जगलेली व्यक्तिवर्षे (त्या गटातील सर्वांनी मिळून जगलेली वर्षे) घेतात व सर्वेक्षणातील अपंगत्वाचे प्रमाण त्यांतून वजा करतात. समजा, ६५–६९ या गटात ३,२५,००० व्यक्तिवर्षे व २०% अपंगत्व असेल, तर २,६०,००० वर्षे अपंगत्वमुक्त धरावयाची. ज्या वयापासून मोजावयाचे तिथपासून शेवटच्या खुल्या (वरची वयोमर्यादा नसलेल्या) गटापर्यंत ही बेरीज करून त्या वयास हयात असलेल्यांच्या संख्येने भागतात. खुल्या गटात नमुना तोकडा पडला की उत्तर डळमळते. वृद्धाश्रम सर्वेक्षणातून वगळले, तर ते फुगते. शिवाय आजचे प्रमाण पूर्वीच्या आजार-अपघातांचे संचित असते, त्यामुळे अचानक झालेला बदल या रीतीत उशिरा उमटतो. बहुस्थिती सारण्या (निरोगी, अपंग व मृत या स्थितींमधील ये-जा मोजणाऱ्या) तो लवकर टिपतात, पण त्यांना त्याच व्यक्तींची पुनःपुन्हा पाहणी लागते.

खरी मेख सर्वेक्षणात अपंगत्वाविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात आहे. युरोपीय संघात गेल्या किमान ६ महिन्यांत प्रकृतीमुळे नेहमीच्या कामांवर किती मर्यादा आली, असे विचारतात. अपंगत्वाच्या आकडेवारीसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वॉशिंग्टन गटाचे ६ प्रश्न पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा व संवाद यांतील अडचण विचारतात. भारताच्या २०११ च्या जनगणनेत व्यक्ती अपंग आहे का, असे थेट विचारले गेले आणि प्रमाण २.२१% निघाले. आजीला ऐकू येत नाही, हे घरच्यांच्या लेखी ‘वय झालं’ एवढेच असते; अपंगत्वाच्या रकान्यात ते उतरत नाही. म्हणून निरनिराळ्या प्रश्नांवर बेतलेले आकडे शेजारी ठेवून देशांची तुलना करू नये.

भारतात नमुना नोंदणी पद्धतीच्या (निवडक भागांतील जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीच्या) जीवनसारण्या देश व मोठ्या राज्यांसाठी निघतात, जिल्ह्यांसाठी नाहीत. त्यामुळे गडचिरोली व पुणे यांमधील अंतर त्यांवरून काढता येत नाही.